पाल म्हणजे दूध : शेजारणीच्या कोलामीतले चार शब्द

आज बोलायचं आहे आपल्याच जिल्ह्यातल्या एका भाषेबद्दल. आधी एक प्रसंग सांगते. त्यात चूक माझीही आहे.

आमच्या बचत गटाच्या बैठकीला एक कोलाम बाई तिच्या ३ वर्षांच्या पोराला घेऊन आली होती. पैसे मोजून झाले, चहा आला, तसा पोरगा आईचा पदर ओढत म्हणायला लागला, "पाल, पाल." आम्ही सगळ्या भिंतीकडे बघायला लागलो. एकजण तर ओरडलीच. मग जो हशा पिकला त्यात मीही होते. बाईनं पोराला उचललं आणि निघून गेली. पुढच्या २ बैठकांना ती आली नाही, बचतीचे पैसे तेवढे पाठवले. नंतर कळलं, कोलामीत पाल म्हणजे दूध.

कोलाम लोक यवतमाळ, चंद्रपूर आणि आपल्या वर्धा जिल्ह्यात राहतात. बाजारात ते आपल्याशी मराठीतच बोलतात, म्हणून त्यांच्या घरात वेगळी भाषा आहे हे आपल्या ध्यानातच येत नाही. ती मराठीची मोडकी बोली नव्हे बरं का. गोंडी, तेलुगू, कन्नड, तमिळ यांच्या कुळातली ती स्वतंत्र भाषा आहे. २०११ च्या जनगणनेत ती बोलणारे सव्वा लाखाच्या वर नोंदले गेले. एमेनो नावाच्या अमेरिकेतल्या प्राध्यापकानं आपल्या वर्ध्याकडची कोलामी ऐकून तिचं व्याकरण लिहिलं, ते १९५५ साली छापून आलं. इतक्या लांबच्या माणसानं ऐकली, आणि आपण शेजारी राहून नाही!

आता शब्द घ्या. पाणी म्हणजे ईर. नीर मधला न काढला की झालं. जेवणाला अंबा, आंबील आठवली की विसरणार नाही. विस्तव म्हणजे किस, घर म्हणजे एल्ला, नाव म्हणजे पेर, मीठ म्हणजे सुप. खाण्याचं मूळ तिन्, पिण्याचं उन्. पाल तर आता तुम्ही जन्मात विसरायच्या नाहीत. पुरुषासाठी 'तो' वेगळा आहे, पण बाई, बैल आणि चूल यांना मिळून एकच 'ती'. तेलुगूतही एकाच बाईबद्दल बोलताना असंच असतं. यावर आमच्या गटात चहा निवेपर्यंत वाद चालला!

मला सगळ्यात आवडलं ते वेगळंच. हिंदीत नुसतं 'हम' म्हणतात, त्यात समोरची बाई धरली की नाही ते कळत नाही. मराठीत आपण आणि आम्ही असे दोन शब्द आहेत. कोलामीतही तसंच आहे : नेंद म्हणजे आपण, आम म्हणजे आम्ही. "आम्ही कर्ज काढतो" आणि "आपण कर्ज काढू" यातला फरक गटातल्या बाईला समजावून सांगावा लागत नाही. त्या दिवशी हसताना आम्ही आम झालो होतो, ती एकटी पडली.

शब्द रेडिओवरून शिकता येतात, वाक्य मात्र शेजारणीच्या तोंडून घ्या. बोलायची ढब प्रत्येक पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, थोडी वेगळी असते. वस्तू हातात धरून नुसतं विचारायचं, "याला काय म्हणता?" आणि उच्चार चुकला तर हसू आपल्यावर येऊ द्यायचं.

मी तिच्या घरी गेले तेव्हा दारातच म्हणाले, "ईर?" ती क्षणभर बघत राहिली, मग तोंडाला पदर लावून हसली. ई किती लांबवायचा ते तिनं मला दोनदा म्हणून दाखवलं आणि तांब्या भरून आणला. येत्या शुक्रवारी ती बैठकीला येणार आहे. "तुमचं नाव काय?" हे अख्खं वाक्य ती आम्हाला शिकवणार आहे, आणि पोरासाठी दूध माझ्या घरून जाणार आहे.