रोजच्या बोलण्यातले अलंकार



गेल्या महिन्यात शिकवणीला येणारी दहावीची एक मुलगी पुस्तक मिटून मला म्हणाली, "मॅडम, हे अलंकार मला कधीच जमायचे नाहीत. पाठ केलं की उपमा आणि उत्प्रेक्षा एकमेकींत मिसळून जातात." तेवढ्यात तिची आई तिला न्यायला आली. ती चाकणच्या एका कंपनीत लाइनवर उभ्यानं काम करते. दारातूनच म्हणाली, "चल गं लवकर. पाय नुसते दगड झालेत माझे."

मी मुलीला म्हटलं, "ऐकलंस? आईनं आत्ता रूपक वापरलं."

आई दचकली. "मी काय केलं, मॅडम?"

काही चुकीचं नव्हतं केलं. आपण सगळ्याच दिवसभर जे करतो तेच केलं होतं. म्हणून आज ठरवलं, की अलंकार पुस्तकातून नाही, आपल्याच बोलण्यातून शिकायचे. आणि ते फक्त परीक्षेसाठी नाही. का, ते शेवटी सांगते.

त्या माउलीचं एकच वाक्य घेऊ. "पाय दगडासारखे झालेत" असं म्हटलं तर ती उपमा. यात चार गोष्टी असतात. ज्याच्याबद्दल बोलतो ते उपमेय, म्हणजे पाय. ज्याच्याशी तुलना करतो ते उपमान, म्हणजे दगड. दोघांत सारखा असलेला गुण, म्हणजे जडपणा; त्याला साधारण धर्म म्हणतात. आणि तुलना दाखवणारा शब्द, म्हणजे "सारखे". सारखा, प्रमाणे, समान, जसा असा शब्द दिसला की उपमा ओळखावी.

"पाय जणू दगडच झालेत" म्हटलं की झाली उत्प्रेक्षा. जणू, जणूकाही, वाटे, भासे हे तिचे शब्द. उपमेत दोन वस्तू शेजारी शेजारी उभ्या असतात. उत्प्रेक्षेत एक वस्तू ही दुसरीच आहे की काय, अशी कल्पना आपण करतो. आणि "पाय दगड झालेत", "पाय म्हणजे दगड" असं म्हटलं, सारखे नाही आणि जणू नाही, दोन्ही एकच करून टाकलं, की ते रूपक.

आणखी पुढं जाऊ. "दगड परवडला, माझे पाय त्याहून जड" हा व्यतिरेक. इथं उपमेय उपमानाच्या वरचढ ठरतं. "एवढी उभी राहिले की पायांना मुळं फुटली" ही अतिशयोक्ती. "आज पाय माझ्यावर रुसलेत" ही चेतनगुणोक्ती, म्हणजे ज्याला स्वतःचं मन नाही त्याला माणसासारखं वागायला लावणं. मशीन रुसतं, नळ दगा देतो, पाऊस वाकुल्या दाखवतो, तो सगळा हाच प्रकार. पायाच्या एका दुखण्यातून सहा अलंकार निघाले. त्या मुलीनं वहीत लिहून घेतले आणि परत काही विचारलं नाही.

दोन प्रकार अजून सांगते, कारण ते आपल्या घरात फार चालतात. "आमच्या सूनबाई किती काटकसरी! नऊपर्यंत झोपून सकाळची वीज वाचवतात." वरून कौतुक आणि आतून टोमणा, ही व्याजस्तुती. आणि "उमेदवाराच्या वाट्याला शेवटी हारच" यात एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत, म्हणून तो श्लेष. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली घरात असतील तर त्यांनाही सांगा. त्यांच्या मराठी व्याकरणात हे येतं.

आता पाच वाजता आपण म्हणतो, "कंपनी सुटली." कंपनी कुठं सुटते? ती जागेवरच असते, सुटतात माणसं. शब्दाचा सरळ अर्थ जुळत नाही म्हणून आपण त्याला चिकटलेला दुसरा अर्थ घेतो. याला लक्षणा म्हणतात. आणि सासूबाई नुसत्या म्हणाल्या, "आज चहा झालेला दिसत नाही," तर अर्थ सरळच आहे, पण आपण उठून आधण ठेवतो. ती व्यंजना. हे ज्ञान आपल्याला शाळेच्या आधीपासून आहे.

मैत्रिणींनो, आपण राहतो तो भागच या भाषेचा आहे. एका बाजूला देहू, जिथं तुकोबांनी आपल्या घरचं धन म्हणजे शब्द असं सांगितलं. दुसऱ्या बाजूला आळंदी. 1290 साली ज्ञानेश्वरी सांगणाऱ्या ज्ञानेश्वरांची समाधी तिथं आहे, आणि त्या ग्रंथात अवघड विचारामागे दिवा, पाणी, बीज, आई-लेकरू असे दृष्टांत ओळीनं येतात. मावळ-मुळशीच्या बायका जात्यावर दळताना लेकाला राघू आणि लेकीला मैना म्हणायच्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या रचणाऱ्या बहुतेक जणी शाळेत गेलेल्या नव्हत्या.

चिंचवडच्या संभाजीनगरातलं प्राणिसंग्रहालय तुम्ही ऐकलं असेल. त्याला नाव बहिणाबाई चौधरींचं आहे. बहिणाबाई जळगावजवळच्या आसोद्याच्या. जन्म 1880 चा, मृत्यू 1951 चा, आणि कवितांचं पुस्तक निघालं 1952 साली, त्या गेल्यावर. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण संसाराला त्यांनी चुलीवरच्या तव्याची उपमा दिली आणि ती आजही कुणाला समजावून सांगावी लागत नाही. भाकरी हवी तर धग सोसावी लागते, हे साम्य प्रत्येकीच्या बोटांना ठाऊक आहे.

आता मूळ मुद्द्यावर येते. अलंकार ओळखला की स्वतःला दोन प्रश्न विचारायचे. साम्य कशात आहे? आणि कशात नाही? पहिला प्रश्न शाळा विचारते. दुसरा आपला आपल्यालाच विचारावा लागतो.

दवाखान्यातलं उदाहरण घ्या. माझ्या शेजारच्या काकू डॉक्टरांना म्हणाल्या, "हाताला मुंग्या येतात." डॉक्टर परप्रांतातले, नवीन. त्यांनी विचारलं, "कुठं चावल्या?" आम्ही हसलो, पण काकूंचं दुखणं त्या दिवशी डॉक्टरांपर्यंत पोचायला वेळ लागला. पोटात गोळा येतो, डोक्यात घण पडतात, जीव वरखाली होतो, हे सगळे अलंकार आहेत आणि खरेही आहेत. ते जरूर सांगा, पण पुढं साधं वाक्य जोडा: कुठं दुखतं, कधीपासून, किती वेळ, काय केल्यावर वाढतं. आणि "छातीवर दगड ठेवल्यासारखं" वाटत असेल, बरोबर घाम किंवा दम असेल, तर तो अलंकार घरात बसून ऐकायचा नाही. 108 ला फोन करायचा.

जाहिरात घ्या. "स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर, निसर्गाच्या कुशीत." पहिली अतिशयोक्ती, दुसरी चेतनगुणोक्ती. माझ्या नात्यातल्या एका जोडप्यानं अशाच पत्रकावर गुंठाभर जागेचा विसार दिला. तिथून स्टेशनला जायला रिक्षा बदलून पाऊण तास लागतो. हाक एवढी लांब जात नाही. कुणी असं बोललं की विचारा: किलोमीटर किती? रस्ता कागदावर आहे का? जागा एनए आहे का? फ्लॅट असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक आणि चटई क्षेत्र किती?

नोकरीत रुजू होताना सांगतात, "आपली कंपनी म्हणजे एक कुटुंब." रूपक आहे. सांगणारा मनापासूनही सांगत असेल. साम्य कशात? एकत्र जेवतो, खंडेनवमीला मशीनची पूजा एकत्र करतो, अडीअडचणीला धावतो. कशात नाही? कुटुंबात कंत्राट संपत नाही. कुटुंबात कुणी पगाराची पावती मागत नाही, कंपनीत मागायची असते. नेमणूक पत्र, पगाराची स्लिप, पीएफचा यूएएन, ईएसआयचं कार्ड, हे मागणारी बाई घर मोडणारी ठरत नाही. आणि कामावरून काढलं तर तिथं "काढलं" म्हणत नाहीत, "ब्रेक दिला" म्हणतात. आपले जुने लोक "नारळ दिला" म्हणायचे. शब्द मऊ झाला तरी घरात येणारा पगार बंद होतो.

झाकणारे शब्द आपणही वापरतो. बांगडी फुटली म्हणायचं नाही म्हणून "वाढवली" म्हणतो. त्यात कुणाचं नुकसान नाही. पण पाळीला "कावळा शिवला" म्हणून सोडून दिलं तर बारा वर्षांच्या मुलीला शेवटपर्यंत कावळाच कळतो, स्वतःचं शरीर कळत नाही. तिथं साधा शब्द वापरावा.

शेवटचं उदाहरण सगळ्यात मोठं आहे. चाकण, खेड, मावळ भागात जमिनींना भाव आला तसा घराघरात हक्कसोडपत्राचा कागद फिरायला लागला. बहिणीला सांगतात, "मुलगी म्हणजे परक्याचं धन. तुला साडीचोळी आहेच की. सही कर, नाहीतर माहेर तुटेल." तीन वाक्यांत दोन अलंकार आणि एक लक्षणा आहे, आपण ओळखू. परक्याचं धन हे रूपक. साम्य कशात? मौल्यवान असण्यात, जपण्यात. कशात नाही? धनाला मालक असतो, माणसाला नसतो. धनाला कुणी विचारत नाही, बहिणीला विचारायला हवं. साडीचोळी ही लक्षणा. एका वस्त्रात सगळं माहेरपण आलं. पण साडीचोळी सातबाऱ्यावर चढत नाही. आणि माहेर तुटेल, इथं नात्याला दोरा मानलंय. दोरा ओढणारे दोघं असतात. तुटला तर दोष फक्त सही न करणारीचा कसा?

कायदा मात्र अलंकारात बोलत नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, लग्न झालेलं असलं तरी. हक्क सोडायचा की नाही, ते तिनं ठरवायचं. भावावरच्या मायेनं कुणी सोडला तर तोही तिचा निर्णय. पण आधी कागद वाचून घ्यावा, कारण नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र सहजासहजी मागं घेता येत नाही. सल्ला हवा असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडं जा. तिथं महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत मदत मिळते. तालुक्याच्या न्यायालयात चौकशी करा.

मला अलंकारांचा राग नाही, मैत्रिणींनो. त्यांच्याशिवाय आपलं बोलणं अळणी होईल. मीठ लागतंच, फक्त कुणी मीठ दाखवून साखर म्हणत असेल तर चाखून बघावं.

या आठवड्याचा अभ्यास सांगते. घरात, बसमध्ये, बचत गटात, कॅन्टीनमध्ये ऐकलेले पाच अलंकार लिहून काढा. प्रत्येकापुढं दोन रकाने करा: साम्य कशात, आणि कशात नाही. मुलांना बरोबर घेऊन बसा. त्या दहावीच्या मुलीनं पहिलं वाक्य आईचंच लिहिलंय. "पाय दगड झालेत." साम्य: जड. साम्य नाही, या रकान्यात तिनं लिहिलं, "दगड दुखत नाही."

मग त्या रात्री तिनं आईला कोमट पाण्याची बादली आणून दिली म्हणे.