उंचीने उणा, म्हणून काय झालं?

दाराच्या चौकटीवर पेन्सिलीची रेघ ओढून मुलांची उंची मोजायची हौस आपल्यापैकी बहुतेकींना असते. शेजारचा मुलगा दोन बोटं वर सरकला, की इकडे आपल्या चिरंजीवांपुढे दुधाचा पेला आलाच! पण या मोजमापापायी एखाद्या मुलाचं पुढचं सगळंच अडलं तर? कॅनडा-अमेरिकेत, बर्फावरच्या हॉकीत, असे प्रसंग येतात.

तिथली रीत ऐका. व्यावसायिक संघ दर वर्षी अठराच्या आसपासची मुलं पाळीपाळीने निवडतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. मुलाने संघ निवडायचा नाही, संघाने मुलाला निवडायचं. त्याआधी हिवाळाभर संघांचे पारखी गावोगावच्या गारठलेल्या मैदानांत वही घेऊन बसलेले असतात. अगदी स्थळ पाहायला आल्यासारखे! उंची किती, वजन किती, चाल कशी.

ब्रेडन पॉइंट हा कॅलगरीचा मुलगा मूस जॉ गावच्या कनिष्ठ संघातून खेळायचा. २०१३-१४च्या हंगामात ७२ सामन्यांत त्याचे ९१ गुण झाले. गोल करणं आणि दुसऱ्याला करून देणं, दोन्ही धरून. मग अडलं कुठे? उंची पावणेसहा फुटांच्या आसपास. आपल्याकडे अशा जावयाला कुणी नाव ठेवणार नाही, पण तिथे तो लहानखुरा ठरला. बरं, लहानखुऱ्याने निदान वाऱ्यासारखं पळावं, तर त्याच्या स्केटिंगलाही नावं ठेवलेली. २०१४च्या ड्राफ्टमध्ये ७८ मुलांची नावं पुकारून झाली, तेव्हा कुठे ७९वं त्याचं आलं. टॅम्पा बे संघाने त्याला घेतलं, तेही एक क्रमांक पुढे सरकून.

मला विचाराल तर खरी पारख इथेच आहे. उणीव सगळ्यांनाच दिसते. ती शिकवून भरून निघणारी आहे का, हे पाहायला हवं. पाय सुधारता येतात. पण रबरी चकती आपल्याकडे येण्याआधीच मान वळवून कोण कुठे आहे हे टिपून ठेवणं, चकती हातची गेली की रुसून न थांबता मागे धावणं, हे अठराव्या वर्षी नव्याने कसं शिकवणार? म्हणून जाणता पारखी चकतीच्या मागे डोळे फिरवत नाही. चकती दुसऱ्याकडे असताना हा मुलगा काय करतो, तेवढंच पाहत बसतो. कंटाळवाणं काम आहे हो ते!

आणि पाय सुधारले कुणी, माहीत आहे? एका बाईने! बार्ब अंडरहिल मूळच्या फिगर स्केटिंगमधल्या. १९८४च्या फेब्रुवारीत सारायेव्होच्या ऑलिंपिकमध्ये त्यांची जोडी सातवी आली. मग त्यांनी पायातले नवे बूट काढून जुने चढवले आणि पुढच्याच महिन्यात ओटावाला ही जोडी जगज्जेती झाली! दोष बुटात की पायात, हे या बाईंना कुणी सांगायला नको. टॅम्पाने त्यांना खेळाडूंच्या स्केटिंगसाठी नेमलं होतं. पॉइंटची ढब त्यांच्या हाताखाली बदलली.

२०२०च्या ऑगस्टमध्ये बाद फेरीचा पहिलाच सामना बरोबरीत अडकला. जादा वेळ एकदा, दोनदा, असा पाचव्यांदा द्यावा लागला. दीडशे मिनिटं उलटल्यावर, सगळ्यांचे पाय गळून गेले असताना, विजयी गोल पॉइंटने केला. त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी स्टॅनली कप टॅम्पाकडेच गेला.