लशींचे मूल्यनिर्धारण व सार्वजनिक आरोग्य

लस ही खरेदी-विक्रीची वस्तू असली, तरी तिचा लाभ ती टोचून घेणाऱ्या व्यक्तीपुरता मर्यादित नसतो. लस घेतलेल्या व्यक्तीकडून रोगाचा फैलाव होण्याची शक्यता कमी होते व त्यामुळे लस न मिळालेल्या तान्ह्या मुलांचे आणि दुर्बल रुग्णांचेही रक्षण होते. अर्थशास्त्रीय परिभाषेत यास ‘बाह्य लाभ’ म्हणतात (धनुर्वात हा माणसाकडून माणसाकडे पसरत नसल्यामुळे त्याची लस यास अपवाद होय). ग्राहक किंमत देताना सामान्यतः स्वतःच्याच लाभाचा विचार करतो; परिणामी निव्वळ बाजारव्यवस्थेत लशीचा खप समाजहितास आवश्यक त्या प्रमाणापेक्षा कमी राहतो. गोवरासारख्या अतिसंसर्गजन्य रोगाचा फैलाव थांबविण्यासाठी सु. ९५% व्यक्ती प्रतिकारक्षम असाव्या लागतात. तेव्हा किंमत न परवडल्यामुळे वगळल्या जाणाऱ्या थोड्या कुटुंबांमुळेही सर्वांचेच संरक्षण ढिले पडते.

उत्पादन व किंमत : लशीचे संशोधन, चाचण्या व कारखान्याची उभारणी यांवर प्रारंभीच मोठा खर्च होतो, त्यानंतर प्रत्येक जादा मात्रेचा खर्च तुलनेने अल्प असतो. त्यामुळे उत्पादक मोजकेच असतात आणि मोठ्या खरेदीची हमी देणाऱ्या ग्राहकास ते कमी किंमतीत लस देऊ शकतात. तथापि किंमत फारच खाली गेल्यास उत्पादक त्या क्षेत्रातून बाहेर पडतात व पुरवठाच धोक्यात येतो. आफ्रिकेतील मस्तिष्कावरणशोथावरील ‘मेनआफ्रिव्हॅक’ ही लस या दृष्टीने उद्बोधक आहे. जागतिक आरोग्य संघटना व ‘पाथ’ ही संस्था यांच्या २००१ मधील प्रकल्पात तेथील शासनांना परवडणारी किंमत आधी ठरवून मग उत्पादक निवडण्यात आला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ती लस मात्रेमागे ५० अमेरिकी सेंटपेक्षा कमी किंमतीत पुरविली. बुर्किना फासोमध्ये डिसेंबर २०१० पासून तिचा मोठ्या प्रमाणावर वापर सुरू झाला व जेथे ती दिली गेली, तेथे ‘अ’ गटाच्या जंतूंमुळे होणारा हा रोग जवळजवळ नाहीसा झाला.

भारतातील परिस्थिती : भारतात लसनिर्मिती प्रारंभी मुख्यतः शासकीय प्रयोगशाळांत होई. हाफकिन यांनी १८९७ मध्ये मुंबईत प्लेगप्रतिबंधक लस तयार केली. त्यांच्या प्रयोगशाळेस १९२५ मध्ये हाफकिन संस्था हे नाव देण्यात आले. जानेवारी २००८ मध्ये कसौली, कुन्नूर व गिंडी (चेन्नई) येथील शासकीय संस्थांचे उत्पादन-परवाने गुणवत्ताविषयक त्रुटींमुळे निलंबित झाले. हे निलंबन २०१० मध्ये उठविण्यात आले. परंतु दरम्यान बालकांच्या लसीकरणासाठी खाजगी उत्पादकांवरील अवलंबित्व वाढले.

कोव्हिड-१९ च्या साथीत मूल्यनिर्धारणाचा प्रश्न तीव्रतेने पुढे आला. १६ जानेवारी २०२१ पासून केंद्र शासन लस विकत घेऊन राज्यांना विनामूल्य देत होते. १ मे २०२१ पासून उत्पादनाचा निम्मा भाग केंद्रासाठी राखून उरलेला निम्मा राज्ये व खाजगी रुग्णालये यांना उत्पादकांकडून थेट विकत घेण्याची मुभा देण्यात आली. किंमतीतील स्पर्धेमुळे उत्पादन वाढेल, अशी यामागील भूमिका होती. केंद्रासाठी मात्रेमागे १५० रु. दर असताना ‘कोव्हिशिल्ड’साठी राज्यांना ३०० रु. व खाजगी रुग्णालयांना ६०० रु., तर ‘कोव्हॅक्सिन’साठी अनुक्रमे ४०० रु. व १,२०० रु. असे दर जाहीर झाले. एकाच मर्यादित साठ्यासाठी राज्ये परस्परांची प्रतिस्पर्धी बनली. काही परदेशी उत्पादकांनी तर केवळ केंद्राशीच व्यवहार करण्याची भूमिका घेतली. महाराष्ट्रात तुटवड्यामुळे मे महिन्यात १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण तात्पुरते थांबवावे लागले.

सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दाखल करून घेतलेल्या प्रकरणात ३१ मे २०२१ च्या आदेशात, या वयोगटास किंमत देऊन लस घ्यावयास लावणारे धोरण प्रथमदर्शनी मनमानी व तर्कविसंगत असल्याचे मत व्यक्त केले. ७ जून रोजी धोरण बदलल्याची घोषणा झाली. त्यानुसार २१ जूनपासून ७५% उत्पादन केंद्राने खरेदी करून ते सर्व प्रौढांना विनामूल्य उपलब्ध केले. २५% खाजगी रुग्णालयांसाठी ठेवून त्यांच्या सेवाशुल्कावर १५० रु. ची मर्यादा घातली.

लशीचा खर्च कोणावर तरी पडतोच. तो आजाराच्या भीतीने आलेल्या व्यक्तीने रांगेत उभे राहून द्यावयाचा, की सर्वांच्या करांतून आधीच भागवावयाचा, हा या विषयातील मूलभूत प्रश्न होय. उत्पादकास रास्त मोबदला आणि घेणाऱ्यास विनामूल्य लस या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत. त्यांचा मेळ घालण्याची जबाबदारी मात्र सार्वजनिक खरेदीदारावरच येते.