अवकाशात अडकलेली छत्री

ऐन पावसात छत्री अर्धीच उघडून अडकली, तर आपण काय करतो? दोनदा झटकतो आणि शेवटी बोटांनी काड्या मोकळ्या करतो. पण हीच छत्री कोट्यवधी किलोमीटर दूर अवकाशात अडकली तर?

‘गॅलिलिओ’ या अमेरिकी यानाच्या नशिबी नेमके हेच आले. ऑक्टोबर १९८९ मध्ये ते गुरू ग्रहाकडे निघाले. तिथली छायाचित्रे पाठवण्यासाठी त्यावर ४.८ मीटर व्यासाचा, छत्रीसारखा मिटणारा अँटेना होता. एप्रिल १९९१ मध्ये तो उघडायला गेले, तर काही काड्या मधल्या दांड्यालाच चिकटून बसलेल्या! ‘चॅलेंजर’च्या १९८६ मधील अपघातामुळे उड्डाण लांबले होते. त्या काळात ट्रकमधून झालेल्या प्रवासांत काड्यांवरचे वंगण झिजले असावे, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष निघाला.

यान कधी उन्हाकडे, कधी सावलीत वळवून पाहिले. मोटर १३ हजारांहून अधिक वेळा चालू-बंद केली. छत्री काही उघडली नाही.

उरला एक छोटा अँटेना. मोठा अँटेना सेकंदाला १ लाख ३४ हजार बिट माहिती पाठवणार होता. हा पाठवणार जेमतेम १६! एकेका चित्राला काही दिवस लागले असते.

हात पोहोचत नव्हता, पण रेडिओसंदेश पोहोचत होता. कॅलिफोर्नियातील जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीच्या अभियंत्यांनी यानातल्या संगणकासाठी नवे सॉफ्टवेअर लिहून वर पाठवले. चित्र आधी टेपवर साठवायचे, मग माहिती आवळून लहान करायची आणि सावकाश धाडायची. इकडे पृथ्वीवरचे मोठे अँटेना एकत्र जोडले. वेग सुमारे दहापट वाढला.

ऑक्टोबर १९९५ मध्ये टेपरेकॉर्डरही अडकला. तो पुन्हा सुरू झाला, पण फीत तुटू नये म्हणून ‘आयो’ या ज्वालामुखींच्या चंद्राची त्या वेळची छायाचित्रे सोडून द्यावी लागली.

डिसेंबरात यान गुरूपाशी पोहोचले आणि पुढची आठ वर्षे तिथे फिरत राहिले. ‘युरोपा’ या चंद्राच्या तडकलेल्या बर्फाची चित्रे त्याने पाठवली. त्या बर्फाखाली खारा समुद्र असावा, याचे भक्कम पुरावेही त्यानेच दिले. पृथ्वीवरचे जंतू त्या समुद्रात जाऊ नयेत, म्हणून २१ सप्टेंबर २००३ रोजी त्याला गुरूच्या वातावरणात सोडून नष्ट करण्यात आले.

त्याच युरोपाकडे ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘युरोपा क्लिपर’ हे यान निघाले आहे. २०३० मध्ये ते गुरूपाशी पोहोचणे अपेक्षित आहे. त्याला ही वाट दाखवली, ती छत्री न उघडलेल्या गॅलिलिओने!