नळीवाटे आहाराकडून मुखाहाराकडे संक्रमण

आजारपणामुळे किंवा जन्मजात व्यंगामुळे नळीवाटे पोषण घेणारे बालक टप्प्याटप्प्याने तोंडाने खाऊ-पिऊ लागते, त्या प्रक्रियेला मुखाहाराकडील संक्रमण असे म्हणतात. नळी काढणे हा या प्रक्रियेचा शेवट असतो, प्रारंभ नव्हे. गिळण्याची क्षमता आणि खाण्याची इच्छा या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली तपासणीतून कळते. दुसरी बालकाच्या अनुभवांतून घडते. मूळ आजार बरा झाल्यावरही काही बालके घास पाहताच तोंड फिरवतात, त्याचे कारण बहुधा या दुसऱ्या गोष्टीत सापडते.

नळीचे प्रकार

नाकातून जठरापर्यंत जाणारी नळी अल्पकालीन पोषणासाठी वापरली जाते. भारतीय रुग्णालयांत ती 'राइल्स ट्यूब' या नावाने परिचित आहे. हे नाव ब्रिटिश वैद्य जॉन आल्फ्रेड राइल यांच्यावरून पडले. दीर्घकाळ नळीची गरज असल्यास पोटाच्या भिंतीतून थेट जठरात नळी बसवतात. तिला गॅस्ट्रॉस्टॉमी म्हणतात. पोट न उघडता दुर्बिणीच्या साहाय्याने ही नळी बसवण्याची पद्धत १९७९ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे मायकेल गॉडरर आणि जेफ्री पॉन्स्की यांनी प्रथम वापरली. त्यांचा पहिला रुग्ण काही महिन्यांचे बालकच होते.

अकाली जन्म, अन्ननलिकेची जन्मजात विकृती, दुभंगलेले टाळू, हृदयविकार, मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी) ही बालकांना नळीची गरज भासण्याची प्रमुख कारणे आहेत.

खाणे कसे शिकले जाते

गर्भ आईच्या उदरात असतानाच गर्भजल गिळू लागतो. मात्र चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तिन्ही क्रियांचा मेळ गर्भावस्थेच्या सुमारे ३४व्या आठवड्यापासून बसू लागतो. त्यापूर्वी जन्मलेल्या बाळाला बहुधा नळीने दूध द्यावे लागते, ते याच कारणाने.

जन्मानंतरचे पहिले काही महिने चोखणे ही प्रतिक्षिप्त क्रिया असते. पुढे ती ओसरते आणि खाणे ही ऐच्छिक, शिकून घेण्याची क्रिया बनते. साधारण सहाव्या महिन्यापासून बाळ खिमट, मऊ भात, नाचणीचे सत्त्व असे पदार्थ चाखते. जीभ अन्न बाजूला सरकवायला शिकते, हिरड्या चावायला शिकतात. हा काळ नळीवर गेल्यास चव, वास, घट्टपणा आणि भूक यांची सांगड बालकाच्या मनात बसत नाही. भूक लागण्यापूर्वीच ठरलेल्या वेळी पोट भरत असेल, तर तोंडाने खाल्ल्यावर भूक शमते हे त्याला उमजणार कसे?

नकाराची कारणे

नळी घालणे, घशातील स्राव खेचून काढणे, तोंडावर चिकटपट्ट्या लावणे असे उपचार झालेल्या बालकाला तोंडाजवळ येणारी प्रत्येक वस्तू त्रासदायक वाटू शकते. त्यात आम्लपित्त वर येणे, वारंवार उलट्या आणि बद्धकोष्ठता यांची भर पडते. नाकातील नळीमुळे गिळताना घशाला बोचते. म्हणून अशा बालकाच्या नकाराला हट्ट म्हणणे योग्य ठरत नाही. तो बहुतेक वेळा स्वसंरक्षणाचा प्रयत्न असतो.

पूर्वतपासणी

तोंडाने काहीही देण्यापूर्वी गिळणे सुरक्षित आहे का, हे ठरवणे अत्यावश्यक असते. अन्न श्वासनलिकेत गेल्यास ठसका, गिळल्यानंतर ओलसर घरघरता आवाज, धाप, ओठ निळसर होणे किंवा वारंवार न्यूमोनिया अशी लक्षणे दिसतात. काही बालकांत मात्र अन्न ठसका न लागताच श्वासमार्गात उतरते. त्यामुळे केवळ निरीक्षण पुरत नाही. बेरियम मिसळलेला पदार्थ गिळताना घेतलेले चलत् क्ष-किरण चित्रण किंवा नाकातून घातलेल्या बारीक दुर्बिणीची तपासणी करून, कोणता पदार्थ किती घट्ट असावा हे ठरवले जाते. बालरोगतज्ज्ञ, वाचा-उपचारतज्ज्ञ, व्यवसायोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ यांचा या निर्णयात सहभाग असतो.

संक्रमणाचे टप्पे

स्पर्शाची ओळख : प्रथम हात, गाल, ओठ आणि मग हिरड्या या क्रमाने स्पर्श केला जातो. बालकाने मान वळवली की थांबतात. नळीवर असलेल्या बालकाचेही तोंड रोज स्वच्छ करावे लागते. अस्वच्छ तोंडातील जंतू लाळेबरोबर फुप्फुसांत गेल्यास संसर्ग होतो.

नळी आणि तोंड यांची सांगड : नळीतून दूध जात असताना तान्ह्या बाळाला स्वच्छ बोट किंवा दूध काढून रिकामे केलेले स्तन चोखायला देतात. चोखणे आणि पोट भरणे यांचा संबंध त्यातून जुळतो. मोठ्या बालकाला नळीचा आहार घरातल्यांच्या जेवणाच्या वेळी, पंगतीत बसवून देतात.

खेळ आणि चव : अन्न हाताने कुस्करणे, फासणे, हुंगणे यांना मुभा असते. सुरक्षितता ठरल्यावर चमच्याच्या टोकावर वरणाचे पाणी, पेज किंवा फळाचा गर यांची चव दिली जाते. थुंकून टाकणे हाही शिकण्याचाच भाग मानतात.

भुकेची जाणीव : बालक थोडेफार खाऊ लागल्यावर डॉक्टरांच्या देखरेखीखाली नळीचा आहार घटवतात. दिवसाचा आहार कमी करून उरलेला रात्री देणे, ही त्यातली एक रीत आहे. वजन किती घटल्यास थांबायचे, हे आधीच ठरलेले असते. शरीरातील पाणी कमी होऊ नये म्हणून लघवीच्या प्रमाणावर लक्ष ठेवतात. घरच्या घरी, सल्ल्याविना नळीचा आहार बंद करणे धोक्याचे असते.

ऑस्ट्रियातील ग्रात्स येथील बालरुग्णालयात मार्गेरिटे डुनिट्झ-शेअर आणि पेटर शेअर यांनी विकसित केलेली पद्धती भूक, खेळ आणि बालकाची स्वायत्तता या तीन गोष्टींवर उभी आहे. अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांचे सूत्रही या क्षेत्रात वारंवार सांगितले जाते : काय, केव्हा आणि कोठे हे पालकांनी ठरवावे, खायचे की नाही आणि किती, हे बालकाने.

सक्तीचे दुष्परिणाम

हात धरून, नाक दाबून किंवा रडण्याची संधी साधून घास कोंबल्यास तो घास कदाचित पोटात जातो. पण पुढील अनेक घासांची वाट बंद होते. रडताना श्वास खोल ओढला जातो, त्यामुळे अन्न श्वासमार्गात जाण्याचा धोकाही वाढतो. मोबाइलवर चित्रफीत दाखवून नकळत भरवल्यास बालकाचे भूक आणि तृप्ती यांच्याकडे लक्षच राहत नाही. जेवणाचा एक प्रयत्न साधारण २० ते ३० मिनिटांत आटोपता घेतात.

पारंपरिक साधने आणि रीती

महाराष्ट्रात तान्ह्या बाळाला दूध पाजण्यासाठी बोंडले वापरण्याची जुनी रीत आहे. दक्षिणेतील पालडाई हे त्याच जातीचे साधन असून, अकाली जन्मलेल्या बाळांना आईचे काढलेले दूध पाजण्यासाठी नवजात कक्षांतून ते वापरले जाते. ही साधने उपयुक्त असली तरी पायांवर आडवे झोपवलेल्या, रडणाऱ्या बाळाच्या घशात दूध ओतणे घातक ठरू शकते. बाळाला उभट धरून, दुधाची धार ओठाशी टेकवून, त्याला स्वतःच्या गतीने दूध घेऊ द्यावे लागते. एक वर्षाखालील बालकाला मध चाटवणे टाळतात, कारण त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार संभवतो.

उष्टावणाचा विधी नळीवरील बालकाच्या घरात अवघड प्रश्न उभा करतो. चव देण्यास डॉक्टरांची अनुमती असेल, तर खिरीचे बोट ओठाला लावूनही तो साजरा होऊ शकतो. किती खाल्ले, यावर त्या दिवसाचे मोल अवलंबून नसते.

महाराष्ट्रातील सुविधा

मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी सुरू झाली. ती आशियातील पहिली मानली जाते. नळीवरील अकाली जन्मलेल्या बाळांना मानवी दूध मिळण्याची सोय त्यातून झाली. वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत १९८३ पासून वाचा व श्रवण क्षेत्रातील तज्ज्ञ घडवले जातात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे झाला. या कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. फिरती पथके अंगणवाड्यांना भेट देतात आणि गरजू बालकांना जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. करवीर तालुक्यातील गडमुडशिंगीसारख्या, कोल्हापूर शहराजवळच्या गावातील कुटुंबाला आशा सेविका, अंगणवाडी आणि शहरातील छत्रपती प्रमिलाराजे सर्वोपचार रुग्णालय अशा साखळीतून या सेवांपर्यंत पोहोचता येते. मात्र हे संक्रमण महिनोन्‌महिने चालते. तज्ज्ञांची भेट अधूनमधून होते, घास मात्र रोज भरवायचा असतो. म्हणून भरवणाऱ्या आईला, आजीला किंवा वडिलांना दिलेले प्रत्यक्ष शिक्षण हा उपचाराचा मुख्य भाग ठरतो.

नळी काढणे

बालक पुरेसे अन्न, पाणी आणि औषधे तोंडाने घेऊ लागले, काही आठवडे वजन टिकले आणि एखाद्या सर्दी-तापातही खाणे पूर्ण थांबले नाही, म्हणजे नळी काढण्याचा विचार होतो. पोटातील नळी वापर थांबल्यावरही काही काळ ठेवतात. ती अपघाताने निघाल्यास छिद्र काही तासांतच आकसू लागते, म्हणून त्वरित रुग्णालय गाठावे लागते.

काही बालकांना पूर्णपणे तोंडाने खाणे कधीच सुरक्षित ठरत नाही. त्यांच्या बाबतीत पोषण नळीने आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेली चव आनंदासाठी, अशी विभागणी केली जाते. तो उपचाराचा पराभव समजला जात नाही. बालकाची वाढ आणि जेवणातील त्याचा सहभाग या दोन्ही गोष्टी त्यातून साधतात.