काटा, अवधाण आणि कातडीचे पहारेकरी

कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या बदनापूर परिसरात ज्याची बोटे ओरखडलेली नाहीत असा माणूस विरळाच. वाळलेल्या बोंडाची टोके सुईसारखी असतात. त्यात बांधावर बाभळीचा काटा ठरलेला. तो पायात मोडला, की एकदोन दिवसांत कधी जांघेत दुखरी गाठ येते. हेच अवधाण. घरची माणसे म्हणतात, "काट्याचे विष वर चढले." पाय कोठे, जांघ कोठे! लहानपणी मला याचे फार नवल वाटे.

काटा एकटा आत जात नाही, जंतू घेऊन जातो. कातडीत ठाण मांडून बसलेल्या मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात. रक्तवाहिन्या रुंदावतात, सूज येते. रक्तातील पांढऱ्या पेशी धावून येऊन जंतूंना गिळतात. ज्या पुवाची आपल्याला किळस येते, त्यात बहुतांशी याच लढून मेलेल्या पेशी असतात.

परंतु खरी चतुराई लांगरहान्स पेशींची. १८६८ साली बर्लिनमध्ये पॉल लांगरहान्स या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने (वय जवळपास आपल्याएवढेच!) त्या शोधल्या. फांद्या फुटलेला आकार पाहून त्याने त्यांना मज्जापेशी मानले; त्यांचे खरे काम उमगायला शंभरएक वर्षे लागली. या पेशी व त्यांच्या खालच्या थरातील भावंडे जंतूचा तुकडा उचलून लसीकावाहिनीतून जवळच्या गाठीत नेतात आणि तेथील लढाऊ पेशींना दाखवतात. ओळख पटली की त्या पेशी भराभर वाढतात व गाठ फुगते. तेव्हा अवधाण म्हणजे नुसते विष नव्हे, ती फौजेची जमवाजमव आहे.

कुष्ठरोगाचा जंतू मात्र या पहाऱ्यालाच फसवतो. गिळणाऱ्या पेशींच्या पोटातच तो बिऱ्हाड करतो. ज्याची फौज जोरात उठते त्याला एकदोन चट्टे येऊन थांबतात. जिची उठत नाही तिच्या अंगभर रोग पसरतो. जंतू तोच, आणि रोगाची रूपे दोन. बाबा आमटे यांच्या आनंदवनाविषयी आपण आदराने बोलतो, पण घरातल्या चट्ट्याविषयी बोलत नाही. तो दुखत नाही, म्हणून कोणी दाखवतही नाही. वास्तविक सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळते आणि सहा ते बारा महिन्यांत रोग बरा होतो.

आमच्या गल्लीतील एका काकूंनी कोपराजवळचा चट्टा तीन वर्षे पदराखाली झाकला, भावकीत कळेल म्हणून. गोळ्यांनी रोग गेला, पण दोन बोटे बधिरच राहिली. बोंडाने ती कापली, तर काकूंना कापसावरचे रक्त पाहूनच कळते.