तेरावा गुण आणि नामंजूर झालेले बारावे व्रत

सद्गुणांची थोरवी सांगणाऱ्यांची आपल्याकडे कधी वाण पडलेली नाही. ते सद्गुण रोजच्या रोज अंगी कसे बाणवावेत, त्यांचा हिशेब कोठे आणि कसा ठेवावा, हे सांगणारे मात्र विरळा. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीचे सव्वीस गुण एकामागून एक आले आहेत, समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात आधी मूर्खाची लक्षणे सांगून मग उत्तमाची सांगितली आहेत, आणि पाठांतराच्या निमित्ताने ह्यांपैकी काही ना काही आपल्यापैकी बहुतेकांच्या कानांवरून गेलेले असते. परंतु पाठ झालेली यादी आणि अंगवळणी पडलेला गुण ह्यांच्यातील अंतर तोडण्यासाठी कोणी एखादी रीत आखून, ती स्वतःवर चालवून पाहून, तिचा निकालही निःसंकोचपणे लिहून ठेवला आहे काय, असा शोध घेऊ लागले म्हणजे मला तरी दोन नावे प्रथम आठवतात: अठराव्या शतकातील फिलाडेल्फियाचा मुद्रक बेंजामिन फ्रँकलिन, आणि विसाव्या शतकात साबरमतीचा आश्रम चालविणारे गांधीजी. दोघांच्या याद्या निराळ्या, हेतू निराळे, स्वभाव तर त्याहून निराळे. तथापि एक प्रसंग मात्र दोघांच्याही वाट्याला सारखाच आला. यादी तयार झाल्यावर दोघांनाही एका स्नेह्याने सुचविले की, हिच्यात नम्रता नाही, ती घाला. फ्रँकलिनने ती घातली. गांधीजींनी घातली नाही.

फ्रँकलिन 1706 साली बॉस्टन येथे, मेणबत्त्या आणि साबण करणाऱ्या एका गरीब कारागिराच्या घरी जन्मला. शाळा जेमतेम दोन वर्षे लाभली. वडील भावाच्या छापखान्यात उमेदवारी करता करता त्याचे भावाशी बिनसले आणि सतराव्या वर्षी तो घर सोडून फिलाडेल्फियास पळून आला. 1728 मध्ये त्याने भागीदारीत स्वतःचा छापखाना उघडला आणि त्यानंतर लवकरच, वयाच्या पंचविशीच्या सुमारास, नैतिक पूर्णत्व गाठण्याचा एक धाडसी संकल्प सोडला. योग्य काय आणि अयोग्य काय हे आपल्याला ठाऊक आहे, मग नेहमी योग्य तेच करणे आणि अयोग्य ते टाळणे ह्यात अवघड ते काय, असा त्याचा सरळ हिशेब होता. एका दोषावर पहारा ठेवावा तोच दुसरा मागच्या दाराने आत शिरतो, सवय ही बेसावधपणाचा गैरफायदा घेते आणि ओढ ही कधीकधी बुद्धीलाही भारी पडते, हा अनुभव त्याला थोड्याच दिवसांत आला. आणि नुसत्या निश्चयाने हे काम होणार नाही, त्याला काही पद्धत हवी, असे त्याने ठरविले.

ही पद्धत मुद्दाम जवळून पाहण्यासारखी आहे. त्याने एक लहानशी वही केली आणि प्रत्येक गुणाला एकेक पान दिले. पानावर तांबड्या शाईने उभे सात रकाने आखले, आठवड्याच्या प्रत्येक वाराला एक. त्यांना छेदणाऱ्या आडव्या तेरा ओळी आखून प्रत्येक ओळीच्या आरंभी एकेका गुणाचे आद्याक्षर घातले. रात्री दिवसाची झाडाझडती घ्यायची आणि ज्या गुणाविरुद्ध कसूर झाली असेल त्याच्या घरात काळे टिंब द्यायचे. एका आठवड्यात कसून लक्ष एकाच गुणाकडे; त्याची ओळ टिंबावाचून स्वच्छ राहिली पाहिजे एवढाच कटाक्ष, बाकीचे बारा नेहमीप्रमाणे नशिबावर सोडून द्यायचे, मात्र त्यांची टिंबेही रोजच्या रोज दाखल करायची. तेरा आठवड्यांत एक फेरा, वर्षात चार फेरे. गुणांचा क्रमही विचारपूर्वक लावलेला होता: मिताहार आणि मितपान पहिले, कारण डोके ताळ्यावर नसेल तर पुढच्या कशावरच लक्ष राहत नाही; मग मौन, व्यवस्थितपणा, निश्चय, काटकसर, उद्योग, निष्कपटपणा, न्याय, मध्यममार्ग, स्वच्छता, चित्ताची शांती, ब्रह्मचर्य. जुन्या फेऱ्यांची टिंबे खरवडून त्याच पानांवर नवी देता देता वहीला भोके पडू लागली, तेव्हा त्याने हस्तिदंती पानांची एक टिपणवही घेतली, तिच्यावर पक्क्या तांबड्या रेघा मारून घेतल्या आणि टिंबे शिसपेनने देऊन ओल्या स्पंजाने पुसण्याची सोय केली. नीतिशास्त्रावरील मोठमोठ्या ग्रंथांत न आढळणारी गोष्ट ह्या खटपटीत आहे, ती अशी की, हा मनुष्य आपल्या पापांसाठी टिकाऊ दप्तर शोधत होता.

कबुलीही त्याने सरळ दिली आहे. स्वतःला वाटत होते त्यापेक्षा आपण फार अधिक दोषांनी भरलेले आहोत, हे त्याला वहीने दाखविले. दोष हळूहळू कमी होताना पाहण्याचे समाधानही वहीनेच दिले. व्यवस्थितपणा मात्र त्याला अखेरपर्यंत साधला नाही. स्मरणशक्ती तीव्र असल्यामुळे कागद जागच्या जागी ठेवण्याची निकड लहानपणी कधी भासली नव्हती, आणि धंद्यातला मनुष्य ज्या वेळी गिऱ्हाईक येईल त्या वेळी त्याच्यासाठी मोकळा असावाच लागतो. ह्या अपयशावर त्याने शेजारच्या लोहाराकडे कुऱ्हाड घेणाऱ्या एका गृहस्थाची गोष्ट सांगितली आहे. कुऱ्हाडीची धार जशी लखलखीत तशीच तिची सारी पाती करून द्या, असे त्या गृहस्थाने लोहाराला म्हटले; लोहार कबूल झाला, पण सहाणेचे चाक तुम्ही फिरवा म्हणाला; आणि चाक फिरवून फिरवून हात भरून आल्यावर त्या गृहस्थाला डागाळलेली कुऱ्हाडच अधिक पसंत पडू लागली. फ्रँकलिन ही गोष्ट दुसऱ्याला हसण्यासाठी सांगत नाही, स्वतःवर सांगतो, म्हणून ती गोड लागते.

आता तो तेरावा गुण. मूळ यादी बारांची होती. एका क्वेकरपंथी मित्राने त्याला प्रेमाने सांगितले की, लोक तुला गर्विष्ठ समजतात. वादात तुझे म्हणणे खरे ठरले एवढ्याने तुझे समाधान होत नाही, समोरच्याला चीत केल्यावाचून तू राहत नाहीस. आणि त्याने उदाहरणेही पुढे ठेवली. तेव्हा फ्रँकलिनने नम्रता तेरावी म्हणून नोंदविली आणि तिच्यासमोर ख्रिस्त व सॉक्रेटिस ह्यांचे अनुकरण करावे, असे लिहिले. आदर्श एवढा उत्तुंग असला तरी प्रत्यक्ष साधना अगदी व्यवहारी होती. ‘निःसंशय’, ‘खात्रीने’ असले ठाम शब्द त्याने बोलण्यातून काढून टाकले आणि ‘मला असे वाटते’, ‘सध्या तरी असे दिसते’ ह्या वळणाची भाषा धरली. कोणी धडधडीत चुकीचे बोलला तरी तत्काळ खोडून काढण्याचा आनंद त्याने स्वतःला नाकारला. ह्याचे फळ त्याला मिळाले. सभांमध्ये त्याचा शब्द चालू लागला. पण 1784 साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, पॅरिसजवळ पासी येथे आत्मचरित्राचा हा भाग लिहिताना त्याने प्रांजळपणे मान्य केले की, ह्या गुणाचा देखावा आपल्याला चांगला साधला, खरा गुण किती आला ह्याची बढाई मारता येत नाही; आणि गर्व आपण पूर्णपणे जिंकला असे पुढेमागे वाटलेच, तर त्या नम्रतेचाच गर्व होण्याचा संभव आहे.

गांधीजी ह्याच खडकाजवळ दुसऱ्या बाजूने आले. 1915 साली अहमदाबादेजवळ कोचरब येथे आश्रम स्थापन करताना त्यांनी नियमावलीचा मसुदा स्नेह्यांकडे अभिप्रायासाठी पाठविला होता. कलकत्ता हायकोर्टाचे माजी न्यायमूर्ती आणि कलकत्ता विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू सर गुरुदास बॅनर्जी ह्यांनी त्यावर, व्रतांत नम्रतेलाही स्थान द्यावे, अशी सूचना केली. ती नामंजूर झाली. कारण पुढे पंधरा वर्षांनी पुण्याच्या येरवडा तुरुंगातून लिहिलेल्या पत्रांत गांधीजींनी उलगडून सांगितले. 1930 च्या त्या कारावासात दर मंगळवारी सकाळी एकेका व्रतावर ते आश्रमवासीयांना पत्र धाडीत. म्हणूनच त्या संग्रहाला ‘मंगल प्रभात’ हे नाव पडले. (स्वदेशीवरचे पत्र त्यांनी तुरुंगात लिहिलेच नाही, त्या विषयात राजकारण येणार आणि बंदिवासात राजकारणाला हात लावायचा नाही, असा त्यांचा स्वतःचाच निर्बंध. व्रतांवर लिहिताना व्रत सांभाळण्याची ही दक्षता त्या पत्रांइतकीच बोलकी आहे.) त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: सत्य बोलायचे, अस्वादव्रत पाळायचे, संग्रह करायचा नाही, हे ठरवून करता येते, म्हणून ती व्रते, नम्रता ठरवून करू गेल्यास हाती दंभ येतो. जो खरोखर नम्र असतो त्याला आपण नम्र आहोत ह्याची वार्ताही नसते. अहिंसा अंगी मुरली की नम्रता तिच्या मागोमाग आपण होऊन येते, आणि ती आली नसेल तर अहिंसा मुरलेली नाही असे खुशाल समजावे.

विनोबांनी ह्या अकरा व्रतांची नावे छंदोबद्ध केली आणि ती आश्रमाच्या प्रार्थनेत रोज म्हटली जाऊ लागली. त्या रचनेतही नम्रता अकरांमध्ये नाही. पण अकरा नावे संपल्यावर ही सारी नम्रपणाने आचरावीत, असे शेवटी सांगितलेले आहे. गुरुदासबाबूंची सूचना अशा रीतीने दप्तरी दाखल झाली नाही आणि फेटाळलीही गेली नाही, असे म्हणावयास हरकत नाही.

दोघांपैकी कोणाचे खरे? तत्त्व म्हणून मला गांधीजींचे म्हणणे बिनतोड वाटते. टिंब हे कसुरीवर पडते, आणि अतिभोजन, उधळपट्टी, वेळेचा अपव्यय ह्या कसुरी डोळ्यांना दिसतात; गर्वाची कसूर ज्या मनाने शोधायची तेच मन आरोपी असते, आणि आजचे पान कोरे राहिले ह्या आनंदातच ती पुन्हा घडून जाते. पण म्हणून फ्रँकलिनचा प्रयोग फुकट गेला असे नाही. तो मनातून नम्र झाला असेल वा नसेल, त्याच्याबरोबर सभेत बसणाऱ्यांशी चाळीस-पन्नास वर्षे तो चांगल्या रीतीने वागला, ही काही लहान कमाई नव्हे. ज्याला आपण सभ्यपणा म्हणतो तो बव्हंशी अशा देखाव्याचाच बनलेला असतो, आणि ज्या घरात किंवा कचेरीत तो देखावाही उरलेला नसतो तेथे बसणाऱ्यांना त्याची किंमत विचारावी.

फ्रँकलिनच्या यादीवर माझा आक्षेप वेगळ्याच ठिकाणी आहे. तिच्यात दया नाही. न्याय आठव्या क्रमांकावर आहे. परंतु ज्या काळात ह्या टिंबांचा हिशेब चालू होता त्याच काळात त्याच्या वृत्तपत्रात गुलामांच्या विक्रीच्या आणि पळालेल्या गुलामांना पकडण्याच्या जाहिराती छापल्या जात, आणि त्याच्या स्वतःच्या घरातही गुलाम होते. न्यायाच्या ओळीत त्याबद्दल टिंब पडले असेल असे वाटत नाही. अडाणीपणाची सबबही त्याला नव्हती, कारण गुलामगिरीवर कडाडून हल्ला करणारे बेंजामिन ले ह्या क्वेकराचे पुस्तक 1737 मध्ये त्याच्याच छापखान्यात छापले गेले होते. पुढे मत पालटायला पुष्कळ वर्षे लागली. 1787 मध्ये तो पेनसिल्व्हेनियातील गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला, आणि 1790 च्या फेब्रुवारीत, मृत्यूच्या दोन महिने आधी, त्याच्या सहीचा अर्ज गुलामगिरीविरुद्ध अमेरिकन काँग्रेसपुढे रुजू झाला. वही रोज भरली जात होती, पण ज्या गोष्टीसाठी तिच्यात रकानाच नव्हता ती दिसत नव्हती. आपण केलेली गुणांची यादी ही बहुधा आपल्याला आधीच दिसलेल्या दोषांची यादी असते. न दिसलेला दोष दाखवायला क्वेकर मित्र लागतो.

तेव्हा ज्या वाचकांना हा प्रयोग करून पाहण्याची इच्छा असेल, त्यांना एवढीच विनंती आहे की, वही जरूर आखावी, गुण थोडे घ्यावेत, एका आठवड्यात एकच धरावा, आणि ज्याची कसूर टिंबाने दाखविता येते तोच घ्यावा. पण पहिली रेघ मारण्यापूर्वी ती यादी घरातल्या अशा एका माणसाला दाखवावी, ज्याला आपल्या स्वभावाचा त्रास रोज सोसावा लागतो, आणि तो जो गुण सुचवील त्यावर निदान त्या दिवशी तरी वाद घालू नये.